जांभ्याच्या भिंतीवर द्राक्षकुळातील शोभेची वेल कोणती लावावी?

रत्नागिरीजवळील घराच्या सावलीतल्या चिरेबंदी भिंतीसाठी आपण द्राक्षकुळातील शोभेची वेल विचारली आहे; माझी पहिली पसंती सिसस डिस्कलरला आहे. तिच्या मखमली हिरव्या पानांवर शिरांच्या मधोमध चंदेरी पट्टे असतात आणि पान उलटून पाहिले की खालची बाजू जांभळट लाल दिसते. कोकणातील दमट हवा तिला मानवते. मात्र दुपारचे ऊन आणि खारा वारा यांपासून ती जपावी. तिचे तणावे, म्हणजे आधार पकडणारे दोऱ्यासारखे अवयव, खोडावर पानाच्या विरुद्ध बाजूस फुटतात, ही या कुळाची ओळखखूण आहे. हे तणावे भिंतीला चिकटत नाहीत, आधाराभोवती गुंडाळतात. म्हणून चिऱ्यापासून चार बोटे अंतर ठेवून तारेची जाळी बांधावी, म्हणजे पावसाळ्यात मागे हवाही खेळती राहते.

भिंतीला स्वतः चिकटणारी बोस्टन आयव्ही तणाव्यांच्या टोकांवरील चकत्यांनी धरून चढते, परंतु तिचा प्रसिद्ध लाल रंग थंडीच्या चाहुलीने येतो, त्यामुळे किनाऱ्यावर तो आग्रह मी धरणार नाही. जागा उन्हाची असल्यास आपली चौधारी हाडजोड उत्तम. छाटताना तिचा चीक त्वचेला खाजवतो, तेवढे हातमोजे घालावेत.