रेघ आडवी म्हणजे गाडी थांबली का?

प्रश्न: सर नमस्कार, मी नववीत आहे, होटगी रोडला राहतो. 'गतीचे नियम' धड्यात सूत्रं येतात मला पण आलेखाचा प्रश्न आला की गडबड होते. आडवी रेघ दिसली की मी 'गाडी थांबली' लिहितो, ते एकदा बरोबर धरतात आणि एकदा चूक. मित्र म्हणतो पाठ कर की बे, पण पाठ केलेलंही उलटंच होऊलालंय. नेमकं काय बघायचं?

उत्तर: अरे तू आधी रेघ बघतोस, तिथंच घोळ आहे. आधी उभ्या अक्षाशेजारी काय लिहिलंय ते वाचायचं, रेघ नंतर. तिथं 'अंतर' असेल आणि रेघ आडवी असेल तर वेळ चाललाय पण अंतर वाढत नाहीये, म्हणजे गाडी उभी. तिथं 'वेग' असेल तर तीच आडवी रेघ एवढंच सांगते की वेग बदलत नाहीये, गाडी ताशी 60 नं मस्त पळत असेल. ती रेघ पार खाली शून्यावर टेकलेली असली तरच गाडी उभी.

आता सोलापूर-तुळजापूर एसटी घे, अंतर साधारण 45 किलोमीटर, बाकी आकडे मी सोपे धरतो. गावातनं बाहेर पडेपर्यंत ट्रॅफिक, म्हणून पहिल्या 20 मिनिटांत 10 किलोमीटर, मग 10 मिनिटं गाडी उभी (चहा, दुसरं काय), मग उरलेले 35 किलोमीटर 42 मिनिटांत. वहीत अंतर-काळ आलेख काढ, खरंच काढ, नुसतं वाचून सोडू नको. पहिला तुकडा कमी तिरका, मधला आडवा, शेवटचा जास्त तिरका येतो. हा तिरकेपणा म्हणजे रेषेचा चढ, आणि अंतर-काळ आलेखात चढ म्हणजे चाल: आधी ताशी 30, मग शून्य, मग ताशी 50. हाच प्रवास चाल-काळ आलेखात काढलास तर तीन आडव्या रेघा येतील, 30 वर एक, शून्यावर एक, 50 वर एक, आणि तू तिन्हीला 'थांबली' लिहिशील! सरासरी चाल विचारली की पोरं 30 आणि 50 ची मधली 40 लिहून मोकळी होतात, ते चूक, एकूण 45 किलोमीटर भागिले एकूण 72 मिनिटं करायचं, ताशी 37.5 येतं.

तीच एसटी परत सोलापूरला आली की अंतर 90 किलोमीटर झालं पण विस्थापन, म्हणजे निघालो तिथपासून आता सरळ रेषेत किती लांब आहोत ते, शून्य. त्यामुळं अंतर-काळची रेघ कधीच खाली उतरत नाही, विस्थापन-काळची उतरते. आणि ती उतरताना दिसली की 'गाडी स्लो झाली' लिहू नको, गाडी मागं फिरलीय. स्लो झाली असती तर रेघ वरच चढत राहिली असती, फक्त कमी तिरकी.

हे सगळं मार्कांपुरतंच असतं असं पण समजू नको. सोलापूर हे मध्य रेल्वेचं डिव्हिजन, आणि रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा जो चार्ट असतो तो म्हणजे हाच आलेख. आडवी वेळ, उभी एकावर एक स्टेशनं, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी अशी, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. एक्सप्रेसची रेघ उभट, मालगाडीची लोळलेली, समोरून येणारीची उलटी तिरकी, मधे आडवा तुकडा आला की गाडी स्टेशनात उभी. सिंगल लाईनवर दोन उलट्या रेघा स्टेशनावरच एकमेकींना छेदायला पाहिजेत, मधेच छेदल्या तर काय होईल ते सांगायला नको. पूर्वी हा चार्ट पेन्सिलनं काढायचे, आता कॉम्प्युटरवर येतो.

प्रश्न: मुलीचा अभ्यास मीच घेते. वेग-काळ आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन असं पुस्तकात आहे. पण क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं ना, मग त्यातून अंतर कसं निघेल? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, एकदम बरोबर जागी अडलात, हे विचारायचं सोडून लोक सूत्र घोकत बसतात. इथं लांबी म्हणजे सेकंद आणि उंची म्हणजे मीटर प्रति सेकंद, दोन्हीचा गुणाकार केला की सेकंद कटतात आणि नुसते मीटर उरतात. कागदावर दिसतो चौकोन, पण त्याच्या बाजू मीटरच्या नाहीत.

मुलीला हे गाडीच्या ब्रेकवरून दाखवा. स्कूटी ताशी 36 किलोमीटरनं चाललीय, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. समोर कुत्रं आलं, ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत 1 सेकंद गेला असं धरा, तोवर वेग तोच, म्हणून आलेखात आयत: 10 मीटर. मग ब्रेक लागला आणि 4 सेकंदांत गाडी थांबली, रेघ तिरकी खाली आली, तो त्रिकोण: अर्धा गुणिले 4 गुणिले 10, म्हणजे 20 मीटर. एकूण 30. आता तोच ब्रेक, पण वेग ताशी 72, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. आयत 20 मीटरचा होतो, थांबायला 8 सेकंद लागतात, त्रिकोण 80 मीटरचा. एकूण 100! वेग दुप्पट केला तर ब्रेकचं अंतर चौपट, कारण त्रिकोणाचा पाया पण वाढला आणि उंची पण. विजापूर रोडला गाड्या दामटणाऱ्या पोरांना हा त्रिकोण शाळेतच नीट शिकवला पाहिजे होता असं माझं मत.

हा त्रिकोणाचा हिशोब फ्रान्सच्या निकोल ओरेमनं 14 व्या शतकात मांडला होता, तेव्हा घड्याळाला सेकंदकाटा सुद्धा नव्हता.

प्रश्न: चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला वेग शून्य, मग त्वरण पण शून्यच ना? आणि चेंडू सरळ वर जाऊन सरळ खाली येतो तर पुस्तकात कमान का काढलीय? – अकरावी सायन्स

उत्तर: नाही, त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, तो टोकाला पण 9.8 मीटर प्रति सेकंद वर्गच आणि खालच्या दिशेनं. ते शून्य झालं असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता की. वर जाण्याची दिशा प्लस धरली तर वेग-काळची रेघ वरून खाली सलग सरळ उतरते, मधे शून्य ओलांडते आणि मायनसमध्ये जाते, चढ कुठंच बदलत नाही.

कमान जी आहे ती चेंडूची वाट नाही, त्याची उंची वेळेनुसार कशी बदलली ते आहे. चेंडू बाजूला सरकला नाही, आडव्या अक्षावर सरकली ती वेळ. म्हणून प्रश्नात 'मार्ग काढा' असेल तर उभी रेघ काढायची, 'उंची-काळ आलेख काढा' असेल तर कमान.