वाचकांचे प्रश्न : धम्मप्रवचनं कुठली ऐकावीत, कशी ऐकावीत?

प्रश्न : रोज पहाटे आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना) करतो. सोबतीला यूट्यूबवर प्रवचन लावतो, तरी मन ठरत नाही. चांगली रेकॉर्डिंग्ज कुठे मिळतील? (राजारामपुरी)

उत्तर : आधी बसताना प्रवचन लावणं बंद करा. कानावर शब्द पडले की मन त्यांच्या मागे जाणार आणि श्वास सुटणार. त्यात मध्येच जाहिरात, मग आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ! बसायची वेळ वेगळी, ऐकायची वेगळी. संध्याकाळी ऐका, सकाळी मुकाट बसा.

हिंदी सहज कळत असेल तर विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंकांच्या दहा दिवसांच्या शिबिरातली प्रवचनं घ्या. शेवटच्या सकाळचं धरून ती अकरा आहेत. ओळीनं एकदा ऐकून झाली की पुढं गरजेनुसार निवडा. बसल्यावर डुलकी येते, चुळबुळ होते, 'हे खरंच जमेल का' अशी शंका येते? मग सहाव्या दिवसाचं लावा, त्यात पाच नीवरणांचा, म्हणजे साधनेत आड येणाऱ्या मनाच्या अडथळ्यांचा विषय आहे. पाचव्यात चार आर्यसत्यं आणि प्रतीत्यसमुत्पाद (दुःख कारणांच्या साखळीतून कसं उपजतं ते) आहे, नवव्यात दहा पारमी, म्हणजे अंगी बाणवायचे सद्गुण. नवव्याचा उपयोग आसनावरून उठल्यानंतर, रोजच्या व्यवहारातच जास्त होतो, असं आमचं मत.

इंग्रजी चालत असेल तर थानिस्सरो भिक्खू या अमेरिकी भिक्खूंचं 'धम्मटॉक्स डॉट ऑर्ग' हे संकेतस्थळ बघा. तिथली संध्याकाळची छोटी प्रवचनं साधारण दहा-पंधरा मिनिटांची असतात, मोफत उतरवता येतात आणि बरीचशी थेट श्वासावरच्या कामाविषयी आहेत. 'धर्मसीड' या संकेतस्थळावर साठा अफाट आहे, पण तिथं शिक्षक आणि पद्धती अनेक. आज एकाची पद्धत, उद्या दुसऱ्याची असं केलंत तर एकही मुरणार नाही. एक शिक्षक धरा आणि दोन-तीन महिने बदलू नका.

बासरी-पाण्याच्या आवाजावर चढवलेली, कोणी, कुठे, कधी दिलं याचा पत्ता नसलेली प्रवचनं सरळ सोडून द्या. कापाकापी करून भलतंच जोडलेलं असलं तरी आपल्याला कळत नाही.

प्रश्न : वडिलांना मोबाईल जमत नाही. प्रवचनं पेनड्राइव्हवर भरून स्पीकरला लावली, पण पहिल्यानंतर दहावं, मग दुसरं वाजतं. (इचलकरंजी)

उत्तर : याची कारणं दोन. काही स्पीकर फाईलचं नाव एकेक अक्षर बघून क्रम लावतात, म्हणून 1 नंतर 10 येतं. नावं 01, 02 अशी द्या. बरेच स्वस्त स्पीकर मात्र नाव बघतच नाहीत, ज्या क्रमानं फाईल आत गेली त्या क्रमानं वाजवतात. अख्खं फोल्डर एकदम ओढलं की तो क्रम विस्कटू शकतो. त्यासाठी पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जाईल, आधी काढून ठेवा) आणि फाईल एकेक करून टाका : 01 पूर्ण उतरली की 02. नंतर एखादी बदलायची असली तरी सगळं पुसून पुन्हा भरा. पुसलेल्या फाईलच्या रिकाम्या जागी नवी जाऊन बसते आणि क्रम परत बिघडतो.

पेनड्राइव्ह ८ किंवा १६ जीबीचा पुरे. तासाभराचं प्रवचन ६४ केबीपीएसला साधारण २९ एमबी होतं आणि नुसत्या बोलण्याला तेवढा दर्जा भरपूर झाला. वीज गेली किंवा स्पीकर बंद केला की बरेच स्पीकर फाईल पुन्हा सुरुवातीपासून लावतात. म्हणून प्रत्येक प्रवचनाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा : 01-1, 01-2. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते होतं. तुकडा वाक्याच्या मध्ये नको, श्वास घेतल्याच्या जागी पाडा.

प्रश्न : शिबिराला न जाता रेकॉर्डिंगवरून विपश्यना शिकता येईल का? (कसबा बावडा)

उत्तर : नाही. प्रवचनं म्हणजे साधनेच्या सूचना नव्हेत. शिबिरात साडेतीन दिवस आनापान झाल्यावर चौथ्या दिवशी विपश्यना (शरीरातल्या संवेदना तटस्थपणे बघण्याची साधना) देतात आणि अडचण आली तर विचारायला आचार्य समोर असतात. घरी दहा मिनिटांच्या मिनी-आनापानाचं रेकॉर्डिंग लावायला हरकत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात आळते इथं धम्मालय हे विपश्यना केंद्र आहे. शिबिराला फी नसते, आधीच्या साधकांच्या दानावर ते चालतं. नावनोंदणी मात्र आधी ऑनलाइन करावी लागते. फोन तिथं जमा करावा लागतो, त्यामुळे प्रवचनं डाऊनलोड करून नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. ती रोज संध्याकाळी ऐकवतातच.