पुण्यात १२ हजारांत पाठीला सोसेल अशी गेमिंग खुर्ची कोणती घ्यावी?

तुमची उंची ५ फूट ४ इंच, रोज चार-पाच तास व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम आणि उठताना कंबर धरते, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर 'गेमिंग' नावाची खुर्ची घेऊच नका. त्याच पैशात ऑफिसमधून निघालेली चांगली वापरलेली खुर्ची घ्या. ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणं हे माझं काम आहे आणि रात्री मीही खेळतो, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

गेमिंग खुर्चीचा आकार रेसिंगच्या गाडीच्या सीटवरून घेतलाय. त्या गाडीत वळणावर अंग फेकलं जाऊ नये म्हणून सीटच्या कडा उंच असतात. घरी त्या नुसत्या मांड्या दाबतात, वर पाय घेऊन बसणंही अवघड. पट्ट्याने बांधलेली उशी सरकते, आणि ती जाड असेल तर पाठ टेकतच नाही. त्यात रेक्झिन! एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० च्या आसपास गेला की शर्ट पाठीला चिकटतो. पाठ जाळीचीच हवी.

सगळ्यात महत्त्वाची सीटची खोली, आणि दुकानात नेमकं त्याबद्दलच कुणी बोलत नाही. पाठ पूर्ण टेकवून बसा. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर माणूस नकळत पुढे सरकतो, कंबरेमागे पोकळी राहते आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. तुमच्या उंचीला मोठ्या 'एक्सएल' खुर्च्या इथेच नापास होतात. चपलेसारखं खुर्चीलाही माप असतं. हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची १९९४ ची एअरॉन खुर्ची तर ए, बी, सी अशा तीन मापांत आली. खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेला मागून बोट फिरवलं की ठिपके लागतात, त्यावरून माप कळतं. ती तुमच्या बजेटबाहेर जाईल, पण सीट मागे-पुढे सरकवता येणारी साधी खुर्चीही हे काम करते.

हिंजवडी-खराडीच्या कंपन्या ऑफिस बदलतात तेव्हा अशा खुर्च्या लॉटने बाहेर पडतात. जुनं ऑफिस फर्निचर विकणाऱ्यांकडे स्वतः जाऊन बसून बघा, ऑनलाइन मागवू नका. खुर्ची पूर्ण वर करून पंधरा मिनिटं बसा. हळूहळू खाली आली तर हायड्रॉलिक, म्हणजे खुर्ची खाली-वर करणारा गॅसचा सिलिंडर, गेलंय. ते बदलता येतं, चाकंही बदलता येतात. जाळी सैल पडली असेल किंवा सीटखालची प्लेट वाकली असेल तर मात्र सोडून द्या.

हात टेकायचे दांडे खाली-वर होणारेच घ्या. माउसची सेन्सिटिव्हिटी कमी, म्हणजे पॉइंटर हळू सरकेल अशी, ठेवली की माउस अख्ख्या हाताने फिरतो, तेव्हा दांडा टेबलाच्या खाली गेला पाहिजे. टेबल नेहमीचं ७५ सेंटिमीटरचं असेल तर त्याच्या उंचीला खुर्ची लावल्यावर तुमचे पाय लोंबकळतील. घरातला लाकडी पाट पायाखाली घ्या. आणि कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर खुर्चीआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.