ज्योतीच्या रंगावरून तापमान ठरवण्यापूर्वी

निळी ज्योत अधिक तापलेली आणि पिवळी कमी, हे वाक्य आपण वहीत नियम म्हणून लिहिले असेल, तर ते तूर्त पेन्सिलीनेच राहू द्यावे. लोखंड तापताना तांबूस, पिवळे, मग पांढरट होते, तो क्रम तापमानाशी खरोखर जोडलेला आहे, आणि मेणबत्तीचा पिवळा उजेडही तिच्यातील काजळीच्या तापलेल्या कणांचाच असतो. गॅसच्या शेगडीची निळाई मात्र त्या क्रमातली नव्हे; निव्वळ उष्णतेने निळे दिसण्यासाठी पदार्थ सुमारे १०,००० अंशांपर्यंत तापावा लागेल, आणि शेगडीची ज्योत २,००० अंश सेल्सिअसच्या आतच असते. तो निळा रंग ज्वलनात क्षणभर निर्माण होणाऱ्या कार्बनयुक्त रेणुखंडांचा आहे.

खात्री करायची असल्यास ओल्या तारेच्या टोकावर मिठाचे दोन कण घेऊन ते ज्योतीत धरावेत (बर्नरच्या तोंडात मीठ सांडू देऊ नये, भोके बुजतात). ज्योत तत्काळ पिवळीजर्द होते, पण त्यामुळे ती गार झालेली नसते. तो मिठातल्या सोडियमचा ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश असतो.

ज्योतीच्या रंगावरून नमुन्यातला धातू ओळखू लागलो, की हाच सोडियम पुढे छळतो. सुरुवातीला मला प्रत्येक नमुन्यात तोच दिसे, कारण तारेला बोटांच्या घामातले मीठ लागलेले असे. म्हणून तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, ज्योतीचा रंग बदलेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवावी, आणि पोटॅशियमचा फिकट जांभळा रंग सोडियमचा पिवळा उजेड अडवणाऱ्या कोबाल्टच्या निळ्या काचेतूनच पाहावा.