‘स्फुरद’ हा ‘फॉस्फरस’चा अपभ्रंश आहे का?

एका वाचकाचा प्रश्न : खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असं छापलेलं असतं. त्यातला ‘स्फुरद’ म्हणजे ‘फॉस्फरस’चा मराठी तोंडी घडलेला उच्चार का? आणि लिहायचं कसं, स्फुरद की स्फूरद?

अपभ्रंश नाही, आणि उकार ऱ्हस्वच. शब्द ‘स्फुर्’ या संस्कृत धातूवरून घडवलेला आहे. स्फुर् म्हणजे थरथरणं, लकाकणं. बाहू स्फुरतात, कविता स्फुरते, पोवाडा ऐकून स्फुरण चढतं, ते सगळं याच घराण्यातलं. ‘स्फुरत्’ म्हणजे लकाकत असलेलं. संधीत त्याचा ‘स्फुरद्’ होतो. ‘स्फूर्ती’मध्ये ‘र्’ला लागून व्यंजन येतं म्हणून उकार दीर्घ होतो. ‘स्फुरद’मध्ये ते कारण नाही, त्यामुळे ‘स्फूरद’ चूकच.

‘फॉस्फरस’ ग्रीक आहे. ‘फोस’ म्हणजे प्रकाश, ‘फोरोस’ म्हणजे वाहून आणणारा. पहाटेच्या शुक्राला ग्रीक लोक या नावाने ओळखत. आपल्याशी या शब्दाचं नातं आहे, पण ते ‘स्फुर्’शी नव्हे. ‘फोस’ हा आपल्या ‘भा’चा भाऊबंद (आभा, प्रभा यांतला) आणि ‘फोरोस’ हा ‘भृ’चा (भार, भरण यांतला). मधला ‘स्फ’ दोन शब्दांच्या सांध्यावर आपोआप उमटलेला आहे.

तरीही दोन्ही नावं उजेडावर बेतलेली आहेत, आणि तो उजेड पहिल्यांदा पाहणारा माणूस म्हणजे हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांट. हा किमयागार परिसाच्या शोधात होता. मूत्र पिवळं, सोनंही पिवळं, तेव्हा मूत्रातून सोनं निघेल अशी त्या काळच्या किमयागारांची धारणा होती. १६६९च्या सुमारास त्याने मूत्राचे पिंपच्या पिंप जमवले, ते कुजू दिले, मग आटवून काकवीसारखं दाट केलं आणि भट्टीत प्रचंड तापवलं. निघालेली वाफ पाण्यात सोडली. पाण्याखाली मेणासारखा पांढरट पदार्थ साचला, आणि अंधारात तो हिरवट उजळू लागला.

घडलं असं की मूत्रातल्या फॉस्फेटमधला ऑक्सिजन उरलेल्या सेंद्रिय गाळातल्या कार्बनने ओढून घेतला आणि फॉस्फरस मोकळा झाला. कुजवायची मुळीच गरज नव्हती. त्यातून वाईट हे की टाकाऊ समजून त्याने जो क्षार फेकला, बहुतेक फॉस्फरस त्यातच होता! पण त्याच्या चिकाटीपुढे माझी मान खरोखर झुकते. आपल्या पदार्थाला तो ‘थंड अग्नी’ म्हणत असे, आणि मला ते नाव फार आवडतं. शोधकर्त्याचं नाव नोंदलं गेलेलं हे पहिलं मूलद्रव्य.

सोनं काही मिळालं नाही. ब्रांटने ही कृती काही वर्षं गुप्त ठेवली, मग पैशांसाठी ती योहान डॅनियल क्राफ्टला विकली. क्राफ्ट तो चमकता पदार्थ घेऊन युरोपच्या दरबारांत फिरला. १६७७मध्ये लंडनमध्ये त्याने तो रॉबर्ट बॉइलला दाखवला, आणि बॉइलने १६८०मध्ये तो स्वतः तयार केला. तत्त्वज्ञ लायब्निझ हानोफरच्या दरबारी होता. त्याचाही ब्रांटशी पत्रव्यवहार होता.

शेतापर्यंतची वाट हाडांतून गेली. १७७०च्या सुमारास स्वीडनच्या गान आणि शेले यांनी हाडांत फॉस्फरस असल्याचं दाखवून दिलं. पुढे जर्मनीच्याच लीबिगने १८४०मध्ये हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून ती खत म्हणून वापरण्याचं सुचवलं, आणि १८४२मध्ये इंग्लंडच्या जॉन लॉजने सुपरफॉस्फेट या अशाच आम्लप्रक्रियेने बनणाऱ्या खताचं पेटंट घेतलं.

आता गोणीकडे. शाळेतल्या रसायनशास्त्रात ‘फॉस्फरस’ म्हणजे मूलद्रव्य. गोणीवरचं ‘स्फुरद’ मात्र फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या (फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या संयुगाच्या) हिशेबात मोजतात. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतावर १८:४६:० असं छापलेलं असतं, म्हणजे नत्र १८ टक्के, स्फुरद ४६ टक्के, पालाश शून्य. त्याच्या ५० किलोच्या गोणीत स्फुरद २३ किलो भरतं, पण त्यात मूलद्रव्य फॉस्फरस साधारण १० किलोच असतो. म्हणून शेतीविषयक लेखाचं भाषांतर करताना ‘फॉस्फरस’ दिसला की डोळे मिटून ‘स्फुरद’ लिहू नका. मूळ आकडा कशाचा आहे ते आधी पाहा. माती परीक्षणाच्या अहवालातही हेच तपासून घ्या.