‘समोरचा रोबो फुटला की हा हसतो’

“गेम खेळतो याचं काही नाही हो ताई. पण समोरचा रोबो जळायला लागला की हा खदाखदा हसतो. मला त्या हसण्याचीच भीती वाटते.”

लंडनच्या हॅरो भागातून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली एक आई सांगत होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा अकरा वर्षांचा, त्याला अथर्व म्हणू. बाबांनी चॅरिटी शॉपमधून जुना प्लेस्टेशन २, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल, आणला आणि सोबत २००१ सालचा ‘रोबोट वॉर्स: अरीनाज ऑफ डिस्ट्रक्शन’ हा गेम. हा गेम ज्यावर बेतलाय तो ‘रोबोट वॉर्स’ कार्यक्रम बाबा शिकायला इंग्लंडात आले तेव्हा बीबीसी टूवर लागायचा. हौशी लोकांनी घरी बनवलेले रोबो रिंगणात भिडायचे आणि कोपऱ्यात सर किलालॉटसारखे कार्यक्रमाचे स्वतःचे रोबो टपून बसलेले असायचे. बाबांचे ते जुने दिवस. आईला मात्र वेष्टनावर ‘विध्वंस’ तेवढा दिसला. त्यातच अथर्वनं धाकट्या बहिणीची रिमोटची गाडी पार खोलून टाकली. गेम बंद करायला सांगितलं की कंट्रोलर भिरकावणं तर रोजचंच झालं होतं.

मारामारीच्या गेममुळे मूल हिंसक होतं का, हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. संशोधकांचं यावर एकमत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हिंसक गेम आणि मुलांची आक्रमक वागणूक यांचा संबंध आढळला नाही. अथर्व त्या मुलांपेक्षा लहान, त्यामुळे तेवढ्यावर मी आईला ‘निर्धास्त राहा’ म्हणणार नव्हते.

पहिल्या भेटीत मी चुकलेच. किती तास, कधी, कुठल्या खोलीत, एवढंच विचारत बसले. अथर्व चपलेच्या पट्ट्याशी खेळत “हो”, “नाही” करत राहिला. दुसऱ्या वेळी म्हटलं, कन्सोल घेऊनच ये. माझ्या टीव्हीला ती जुनी वायर जोडण्यात वीस मिनिटं गेली. तीही त्यानंच जोडली.

आई शेजारी बसली होती. लढाई सुरू होईल म्हणून आम्ही दोघी वाट बघतोय, आणि हा आपला रोबोचे भाग बदलतोय! सांगाडा कुठला, चाकं कुठली, शस्त्र कुठलं. “काकू, शस्त्र जड घेतलं की बाकीच्याला वजनच उरत नाही. खऱ्या शोमध्ये पण लिमिट होतं, ११० किलो.” २०१६ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, त्या वेळचा हा आकडा त्याला तोंडपाठ होता.

लढत सुरू झाली आणि दीड मिनिटात त्याचाच रोबो उलटा पडला. चाकं वर, नुसती गरगर. अथर्व इतका हसला की कंट्रोलर मांडीवरून घसरला. झुरळ उताणं पडल्यासारखं दिसतंय, म्हणाला. आईनं माझ्याकडे पाहिलं. हे तेच हसणं होतं का, असं मी विचारलं. ती हळूच म्हणाली, “हो, हेच.”

मग कंट्रोलर का फेकतो? हरला म्हणून नाही, ते तर समोरच दिसलं. घरी साडेसातला आई थेट भिंतीवरचं बटण बंद करायची. लढत अर्ध्यात, केलेली जुळवाजुळव वाया. माझं अर्धं विणलेलं स्वेटर कुणी उसवलं तर मीही शांत बसणार नाही. एक लढत काही मिनिटांचीच असते. म्हणून ठरलं असं की सव्वासातला आई सांगेल, “शेवटची”, आणि ती संपली की अथर्व स्वतः बंद करेल. कार्यक्रमात लढत थांबवताना “सीज!” असा पुकारा व्हायचा, तो पुकारण्याचा मान बहिणीला. पहिल्या आठवड्यात दोनदा भांडण झालं. नंतर कंट्रोलर जागेवर राहू लागला.

“व्यसन तर नाही ना?” हेही आईनं विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत गेमवर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं आणि नुकसान होऊनही तो चालूच ठेवणं हे सगळं असावं लागतं, तेही साधारण वर्षभर. अथर्वची शाळा, जेवण, झोप, शनिवारचा फुटबॉल, सगळं जागेवर होतं. उद्या मित्र सुटले, झोप उडाली, तर मी वेगळं बोलेन, हेही तिला सांगितलं.

राहिली बहिणीची गाडी. त्याला आतली मोटर बघायची होती. कुतूहल म्हणून त्याचं कौतुक करून मोकळं व्हायला मी तयार नव्हते. वस्तू तिची, आणि तिला विचारलं नव्हतं. ती रडली, हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण तोवर तो स्क्रू मोजत होता. गाडी जोडून द्यायचं त्यानंच कबूल केलं.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. गाडी धावतेय, पण उजवीकडे वळवली की डावीकडे जाते. बहीण तशीच चालवते. अथर्व म्हणे तारा उलट लागल्यात, शनिवारी बघतो, पण आता ती त्याला गाडीला हातच लावू देत नाही.