डाउनलोड केलेली आयएसओ फाईल खरीच आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय, लिनक्स मिंटची (विंडोजसारखीच एक फुकट मिळणारी सिस्टीम) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी फाईल, दोस्ताने पेन ड्राइव्हवर दिली, साइटवर ६४ अक्षरांचा कोड दिसतो, तो जुळला म्हणजे फाईल खरी का? जुळवायला पाहिजेच, पण तेवढ्यावर भागत नाही बघा.

मी बेळगावात शहापूरला लोकांचे पीसी फॉरमॅट करून देतो, त्यामुळे हे रोजचंच. त्या कोडला शा-२५६ हॅश म्हणतात, फाईलमधल्या मजकुरावरून गणित करून काढलेला तो ठसा असतो. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी अख्खा कोड वेगळाच येतो. खानापूरकडे नेट मधेच तुटतं, लाईट जाते, फाईल अर्धवट उतरते आणि इन्स्टॉल करताना भलतंच एरर येतं, ते याने आधीच कळतं. विंडोजवर सेव्हन-झिप (फाईल झिप करायचं सॉफ्टवेअर) असेल तर फाईलवर राइट क्लिक, सीआरसी शा, मग शा-२५६, बस. आलेला कोड कॉपी करायचा आणि साइटच्या पानावर कंट्रोल एफ मारून शोधायचा, पहिली-शेवटची चार अक्षरं डोळ्याने बघून सोडू नका. कुठं एमडी५ (जुन्या पद्धतीचा हॅश) दिलेला असेल तर अर्धवट फाईल पकडायला ठीक, पण मुद्दाम केलेल्या लबाडीला त्याचा भरोसा नाही, २००४ मध्येच त्याची दोन वेगळ्या फायलींना सेम हॅश काढून दाखवलीय.

आता खरी गोम. निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या बोदाचं वजन चिठ्ठीबरोबर जुळलं म्हणून माल कुणाच्या शेतातला ते कळतं काय ओ? हॅशचं तसंच आहे. फाईल आणि हॅश एकाच पानावर, आणि पानच कुणी हॅक केलं तर? २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साइटवर हे झालंय, १७.३ सिनॅमन या व्हर्जनची लिंक बदलून बॅकडोर (हॅकरला आत शिरायची चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे वळवली होती. जो लिंक बदलू शकतो त्याला शेजारचा कोड बदलायला कितीसा वेळ लागणार.

म्हणून डिजिटल सही तपासायची. साइटवर हॅशची यादी असलेल्या फाईलसोबत डॉट जीपीजी नावाची दुसरी फाईल असते, ती बनवायला मिंटवाल्यांची खासगी की (फक्त त्यांच्याकडची गुप्त किल्ली) लागते आणि ती वेबसाइटवर ठेवलेली नसते. विंडोजवर क्लिओपात्रा हे सही तपासायचं सॉफ्टवेअर टाका, मिंटवाल्यांची पब्लिक की (सही तपासायला सगळ्यांना दिलेली किल्ली) इम्पोर्ट करा, व्हेरिफाय दाबा. सही बरोबर आली तरी ‘की सर्टिफाइड नाही’ असली वॉर्निंग दिसेल, तिला घाबरू नका, पण कीचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा कोड) दुसऱ्या जागी बघून जुळवा, जुन्या लेखात म्हणा, लिनक्स वापरणाऱ्या ओळखीच्याकडे म्हणा. लोक नेमकं हेच सोडतात आणि मग सगळी मेहनत पाण्यात. सहीवाली हॅश फाईल पक्की झाली की आपल्या आयएसओचा कोड तिच्यातल्याशी जुळवायचा, पानावरच्याशी नाही.

एक्झी फाईल (विंडोजवर थेट चालणारी) असेल तर सोपं, प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स टॅब उघडून कंपनीचं नाव बघायचं. तरी सीक्लीनर या पीसी साफ करायच्या सॉफ्टवेअरचं २०१७ मधलं ५.३३ व्हर्जन खऱ्या सहीनिशी व्हायरस घेऊन आलंच होतं, कारण घाण सही व्हायच्या आधीच आत शिरली होती. पण असलं क्वचित. आमच्याकडे डीटीपीवाले क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून फिरवतात, त्याला कसली सही आणि कसला हॅश.

तुमचा कोड जुळला नाही तर फाईल उडवा आणि मिंटच्या साइटवरच्या टोरंटने (तुकड्यातुकड्याने उतरवायची पद्धत) उतरवा, नेट तुटलं तरी राहिलेलंच उतरतं आणि प्रत्येक तुकड्याची हॅश ते आपणहून तपासतं. सही मात्र तेव्हाही बघायचीच.